उळे टाकायच्या आधी सांगा

प्रति,
कांद्याच्या निर्यातीचे आणि राखीव साठ्याचे निर्णय घेणारे केंद्र सरकारचे मंत्री व अधिकारी,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक आहे. घरात तिसरी पिढी कांद्यात आहे. हे पत्र लिहितोय तेव्हा पडवीत उळे निवडून ठेवले आहे. उळे म्हणजे कांद्याचे बी. आम्ही ते घरच्या डेंगळ्यांचे, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या दांड्यांचे धरतो, कारण विकतच्या बियाण्याने दोनदा दगा दिला. परवा वाफ्यात टाकायचे. पन्नासेक दिवसांनी रोप उपटून लावायचे, मार्चअखेर-एप्रिलात काढायचे, पात कापून, सुकवून, निवडून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये भरायचे आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत थोडा थोडा करत विकायचे. म्हणजे परवा मी जो निर्णय घेणार, त्याचा शेवटचा पैसा माझ्या हातात यायला जवळपास वर्ष लागणार आहे.

या वर्षभरात तुम्ही तुमचा निर्णय किती वेळा बदलणार, एवढेच मला विचारायचे आहे.

अनुदान मागायला हे पत्र लिहिलेले नाही, कर्जमाफी मागायलाही नाही. हमीभावाचा विषय मोठा आहे, तो इथे काढत नाही. एकच गोष्ट मागतो आहे: कांद्याच्या निर्यातीचा नियम आम्हाला उळे टाकायच्या आधी सांगा आणि तो माल विकून होईपर्यंत पाळा.

मागच्या काही वर्षांचा क्रम तुमच्या फायलींमध्ये आहेच, पण सलग वाचला की तो कसा दिसतो ते बघा. 29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी आली, ती मार्च 2020 मध्ये उठली. 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंदी, 1 जानेवारी 2021 ला उठली. मग दोन-अडीच वर्षे बरी गेली. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही. ते 31 डिसेंबरपर्यंत राहणार असे सांगितले होते, पण त्याआधीच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बंदी आली. ती 31 मार्च 2024 पर्यंत होती. मार्चमध्ये तीही मुदत काढून टाकली आणि 'पुढील आदेशापर्यंत' झाली. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिले. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेले, शुल्क 20 टक्क्यांवर आले. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य झाले.

ऑगस्ट 2023 ते एप्रिल 2025 या वीस महिन्यांत सात वेळा नियम बदलला. या काळात मी एक लाल, एक रांगडा आणि मार्च-एप्रिलात निघणारे दोन उन्हाळ कांदे घेतले. लावताना जो नियम होता तो विकताना राहिला, असे यातल्या एकाही पिकाच्या बाबतीत झाले नाही.

डिसेंबर 2023 चा तो आठवडा मला विसरता येत नाही. बंदीची अधिसूचना रात्री निघाली. आमची लाल कांद्याची ट्रॉली संध्याकाळीच भरून ताडपत्री टाकून उभी होती. पहाटे फोन वाजायला लागले. जवळच्या बाजार समितीत पोहोचलो तर लिलाव बंद, रस्त्यावर चार-पाचशे ट्रॅक्टर आणि महामार्गावर लोक बसलेले. ट्रॉली परत घरी आणली. लिलाव सुरू झाल्यावर ताडपत्री काढली तेव्हा खालच्या थराला घाम सुटला होता, हात घातला तर गरम लागत होते. बायकोने आणि मी अर्धा दिवस बसून ओला माल वेगळा काढला. जो विकला तो बंदीच्या आधीच्या भावाच्या निम्म्याच्या आसपास गेला.

लाल कांदा म्हणजे काय, हे दिल्लीत बसून कळणे कदाचित अवघड असेल, म्हणून सांगतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत जो येतो तो लाल आणि त्यामागून रांगडा. त्यात पाणी जास्त, साल पातळ. तो चाळीत टिकत नाही. काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. उन्हाळ कांद्याची गोष्ट वेगळी, तो चार-सहा महिने थांबू शकतो. तुम्ही डिसेंबरात बंदी घालता तेव्हा ती ज्याला महिनाभरही थांबता येत नाही त्या शेतकऱ्यावर पडते. साठेबाजांवर कारवाई म्हणून जे निर्णय होतात ते ज्याच्याकडे साठवता येईल असा माल आहे त्याला कमी लागतात आणि ज्याच्याकडे तसा माल नाही त्याला पुरते मारतात. लाल कांद्याची साठेबाजी कुणीही करू शकत नाही.

शुल्काचे गणितही एकदा मांडतो, कारण 'शुल्क निर्यातदार भरतो, शेतकऱ्याचे काय जाते' असे बोललेले मी ऐकले आहे. समजा दुबईच्या घेणाऱ्याला मुंबई बंदरात किलोला 42 रुपयांपर्यंत परवडते. त्याच्या वर तो पाकिस्तानचा घेईल, इराणचा घेईल. शुल्क नसेल तर 42 मधून निवड, गोणी, गाडीभाडे, बंदराचा खर्च आणि व्यापाऱ्याचा नफा असे मिळून 10 रुपये गेले, तर लिलावात व्यापारी माझ्या ट्रॉलीला 32 पर्यंत बोलू शकतो. 40 टक्के शुल्क लागले की त्याच 42 मध्ये मालाची किंमत 30 उरते आणि 12 शुल्क होते. 30 मधून तेच 10 वजा झाले की माझ्या ट्रॉलीला 20. दुबईवाल्याने एक रुपया जास्त दिलेला नाही, व्यापाऱ्याचा नफा तेवढाच राहिला. किलोमागचे 12 रुपये माझे गेले. आकडे उदाहरणाचे आहेत, पण लिलावाच्या ओळीत व्यापारी मोबाइलवर हाच हिशेब करतो आणि मी ते त्याच्या शेजारी उभा राहून बघतो.

देशात पिकणाऱ्या कांद्यातला दहावा हिस्साही बाहेर जात नाही, मग निर्यातीचा एवढा बाऊ कशाला, असेही विचारले जाते. मी हे असे सांगतो. लिलावाला शंभर ट्रॉल्या आल्या आणि निर्यातीचा माल घेणारे दोन-तीन व्यापारी आले नाहीत, तर फक्त त्यांच्या वाट्याच्या आठ-दहा ट्रॉल्यांचा भाव पडत नाही. शंभराच्या शंभर ट्रॉल्यांचा पडतो. बोली लावणारा एक माणूस कमी झाला की उरलेल्यांना घाई राहत नाही.

आता बाहेरच्या गिऱ्हाइकांबद्दल. सरकारचेच आकडे आहेत: 2022-23 मध्ये आपण सुमारे 25 लाख टन कांदा बाहेर पाठवला. 2023-24 मध्ये 17.17 लाख टन, आणि 2024-25 मध्ये 18 मार्चपर्यंत 11.65 लाख टन. दोन वर्षांत निम्म्याहून कमी. शुल्क शून्य केले म्हणून गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येत नाही. गावातल्या किराणा दुकानाचे उदाहरण घ्या. दुकानदाराने न सांगता चार वेळा दुकान बंद ठेवले, की पाचव्या वेळी ते उघडे आहे की नाही हे बघायलाही कोणी जात नाही.

बांगलादेश अनेक वर्षे आमच्या कांद्याचा सर्वांत मोठा घेणारा होता. 2019 ची बंदी आली त्यानंतर आठवडाभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात त्या हिंदीत बोलल्या. आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्या म्हणाल्या आणि पुढच्या वेळी आधी कळवा, म्हणजे आम्ही दुसरीकडून सोय करू, अशी विनंती त्यांनी केली. सभागृहात हशा झाला. मला ते वाचून हसू आले नव्हते, कारण शेजारच्या देशाच्या पंतप्रधान जे मागत होत्या तेच मी मागतो आहे. फक्त आधी सांगा. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, पुन्हा न सांगता बंदी आली.

मग त्यांनी सोय केली. तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून कांदा घेतला आणि स्वतःचे क्षेत्र वाढवले. 2025 मध्ये बराच काळ त्यांनी आपल्या कांद्याला आयातीचे परवानेच दिले नाहीत. आमचा उन्हाळ कांदा चाळीत तसाच पडून राहिला. त्या वर्षी इथे रब्बीचे पीक भरपूर होते, सरकारचा अंदाजच 227 लाख टनांचा होता, आदल्या वर्षीपेक्षा 18 टक्के जास्त. पीक भरघोस आले, शुल्क शून्य झाले आणि घेणारा नव्हता. ऑगस्टमध्ये चाळीत शिरलो की कुजक्या कांद्याचा वास डोक्यात चढायचा. काजळी धरलेला, कोंब आलेला, पाणी सुटलेला माल घमेल्याने उचलून बांधावर टाकला. चाळीत भरताना मोजलेल्या वजनातला तिसरा हिस्सा तरी असा गेला असेल.

विदर्भातला संत्रा उत्पादक याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. बांगलादेशने संत्र्यावरचा आयात कर काही वर्षांत किलोला 20 टाकांवरून (टाका हे तिकडचे चलन) 88 टाकांवर नेला आणि नागपुरी संत्र्याची तिकडची वाट अरुंद झाली. तो कर कमी करा म्हणून आपला माणूस ढाक्याला जाऊन बसतो, तेव्हा समोरचा आपल्या कोणत्या शब्दावर भरवसा ठेवेल?

ग्राहकाबद्दल मी बोलत नाही असे तुम्हाला वाटू नये. माझी बहीण कल्याणला असते, मेहुणे कंत्राटी नोकरीत आहेत. ऑक्टोबरात कांदा साठ-सत्तरवर गेला की ती मला फोन करून विचारते, 'दादा, तुम्ही तर फार कमवत असाल ना आता?' तिला खोटे वाटते, पण तेव्हा माझी चाळ रिकामी झालेली असते. पोराची फी, पीककर्जाचा हप्ता, बहिणीची दिवाळी, यासाठी माल जूनपासूनच काढावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या अभ्यासात ग्राहकाने कांद्यासाठी दिलेल्या एका रुपयातले सुमारे 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात असे आले आहे. बहिणीच्या पिशवीत महाग पडलेला कांदा आणि माझ्या ट्रॉलीतला स्वस्त गेलेला कांदा यांच्यामध्ये उरलेले 64 पैसे आहेत. निर्यात बंद केल्याने त्या 64 मधला एकही कमी होत नाही. सगळी कात्री 36 वर चालते.

1998 साली दिल्लीत कांदा महागला आणि तिथले सरकार गेले, ही आठवण सगळ्या पक्षांच्या मनात आहे, ते मी समजू शकतो. पण 2024 च्या लोकसभेत दिंडोरी आणि नाशिकच्या निकालात आमच्या पट्ट्याचा रागही तुम्ही पाहिला. शहरातला राग आणि गावातला राग यांच्यात आळीपाळीने निवड करत राहणे म्हणजे धोरण नव्हे. आणि यात पक्षाचा प्रश्न नाही. 1980 च्या चाकणच्या आंदोलनात शरद जोशींच्या मागे रस्त्यावर बसलेल्यांमध्ये माझे आजोबा नव्हते, पण चुलत आजोबा होते. तेव्हा सरकार दुसरे होते, राग हाच होता.

बफर स्टॉक, म्हणजे सरकारच्या राखीव साठ्याबद्दल दोन शब्द. किंमत स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारसाठी कांदा घेतात. 2023 मध्ये साठा 5 लाख टनांपर्यंत नेला, 2025 साठी 3 लाख टनांचे उद्दिष्ट होते. भाव पडलेले असताना सरकार खरेदीला उतरते, हे चांगलेच आहे. पण हा कांदा बाजारात कधी उतरतो? ज्याने मे ते सप्टेंबर सड सोसून, रात्री पावसात ताडपत्र्या ओढून माल जपला, त्याला दोन पैसे मिळायची वेळ आली की नेमका तेव्हा. ऑक्टोबर 2024 मध्ये तर लासलगावहून दिल्लीला 1,600 टनांची खास मालगाडी गेली, 'कांदा एक्स्प्रेस' म्हणून टीव्हीवर दाखवली. दिल्लीकराला स्वस्त कांदा मिळाला याचे मला दुःख नाही. पण कोणत्या भावाला तुम्ही माल सोडणार हे एप्रिलमध्येच जाहीर केले असते, तर मी किती चाळीत भरायचा आणि किती शेतातूनच विकायचा हे ठरवले असते. खरेदीही आडवाटेने न करता बाजार समितीच्या खुल्या लिलावात, इतर व्यापाऱ्यांच्या शेजारी उभे राहून बोली लावून करा. बोली लावणारा एक माणूस कमी झाला की काय होते ते वर सांगितलेच आहे, वाढला तर त्याच्या उलट होईल.

नियम आधीच सांगणे जमतच नाही, असे म्हणू नका. आमच्याच जिल्ह्यात द्राक्षाला ते जमले आहे. 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि बागायतदारांवर मोठे संकट आले. कंटेनर अडकले, लोक कर्जात गेले. त्यानंतर व्यवस्था अधिक घट्ट झाली. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदवहीत बागेची नोंदणी, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत, कोणत्या औषधाचा किती अंश चालेल याची यादी हंगामाआधी हातात. नियम फार कडक आहेत. माझा शेजारी त्या नियमांना वैतागतो, पण पाळतो, कारण छाटणी करतानाच त्याला माहीत असते की फेब्रुवारीत कोणती परीक्षा द्यायची आहे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, तेव्हा द्राक्षवाल्यांचे भाडे वाढले, दिवस वाढले. ते त्यांनी सोसले. बाहेरून आलेले संकट माणूस सोसतो. नियम एका रात्रीत बदलला तर ते सोसायला कारणच सापडत नाही.

2020 मधली एक गोष्ट अजून टोचते. जूनमध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्यात बदल करणारा अध्यादेश आला. कांदा-बटाटा एरवी मोकळा राहील, फळे-भाज्यांचे किरकोळ भाव दुप्पट झाले तरच साठ्यावर मर्यादा येईल, असे त्यात होते. मला तो वाचून आनंद झाला होता, कारण पहिल्यांदाच कुणी तरी आकडा लिहिला होता. तो आकडा बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न, पण लिहिला होता. सप्टेंबरात तेच विधेयक लोकसभेत मंजूर झाले, त्याच्या आदल्या दिवशी निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. तो आणि त्याच्याबरोबरचे दोन कृषी कायदे पुढे मागे घेतले गेले, त्या वादात मी जात नाही. पण आकडा आधी लिहून ठेवण्याची कल्पना त्या कायद्यांबरोबर जायला नको होती.

म्हणून आता, भाव शांत असताना आणि शुल्क शून्य असताना हे लिहितो आहे. टीव्हीवर कांद्याची बातमी नाही, निवडणुकीची घाई नाही. नियम लिहायला याहून बरा काळ मिळणार नाही. दरवर्षी सप्टेंबरअखेर, उन्हाळ कांद्याचे उळे टाकायच्या आधी, पुढच्या बारा महिन्यांचे निर्यात धोरण जाहीर करा. किरकोळ भाव सलग किती आठवडे किती रुपयांच्या वर राहिला तर शुल्क लागेल, किती लागेल आणि केव्हा उठेल, हे त्यातच लिहा. शुल्क लावायचे ठरले तर किमान दीड महिना आधी सांगा. जो माल करार होऊन बंदराकडे निघाला आहे त्याला हात लावू नका. पूर्ण बंदी हा शब्द त्या कागदावर नसावा, ही माझी विनंती आहे. ती तुम्हाला मान्य होणार नाही असे वाटते, तरी करतो. आणि लागवड किती झाली याचा अंदाज जानेवारीत द्या, कारण तो उशिरा आला की तुम्हीही घाबरता आणि आम्हीही.

साठवणुकीचे काम मात्र नियमाने होणार नाही, त्याला पैसे लागतील. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब येऊ नये म्हणून विकिरण केंद्र उभारले, त्याला वीस वर्षांहून जास्त झाली. 2007 मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस तिथून प्रक्रिया होऊन गेला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. त्याच्या जोडीला शीतगृह लागते आणि ते परवडेल अशा दरात लागते. ते नाही, म्हणून कांद्यासाठी उभारलेल्या केंद्राच्या भिंतीपलीकडे आमचा कांदा अजून बांबूच्या चाळीतच सडतो. 2018 च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्यासाठी 500 कोटींची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना आली होती. त्यातून आमच्या तालुक्यात नेमके काय उभे राहिले, हे एका पानावर छापून बाजार समितीच्या फलकावर लावा. आम्ही वाचू.

परवा उळे टाकतो आहे. गेल्या वर्षी दीड एकराचे टाकले होते, यंदा एक एकराचेच निवडून ठेवले आहे. उरलेले अर्ध्या एकराचे उळे डब्यात भरून बाजूला ठेवले आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते टाकता येते. तोपर्यंत तुमच्याकडून काही कळले, तर तेही टाकीन.

आपला,
निफाड तालुक्यातील एक कांदा उत्पादक